लाल शाई

पळसदेवात कुणाचं सरकारदरबारी काही अडलं की लोक आधी पळसनाथाला नारळ फोडतात आणि मग माझ्याकडे अर्ज लिहायला येतात. नारळाचा गुण येतो असं बरेच जण सांगतात. अर्जाबद्दल तसं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. तरी येतात, कारण मी हायस्कुलात उभी हयात मराठी शिकवलं, माझं अक्षर वळणदार आहे आणि मी पैसे घेत नाही. वस्तीवरची डीपी जळाली तेव्हा मी लिहिलेल्या अर्जात अंधार, दिवा आणि बळीराजाचे अश्रू असं सगळं होतं. तो वाचून साहेबांचे डोळे पाणावले म्हणे. डीपी मात्र शेजारच्या वस्तीला मिळाली. त्यांनी दोन ओळींचा अर्ज दिला होता आणि त्यात डीपीचा नंबर होता.

तात्यांच्या पदकांचं काम मी असल्या ख्यातीवर अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे ओढून घेतलं. तात्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. 1966 साली फौजेत गेले, ड्रायव्हर झाले आणि 1983 साली नाईक म्हणून पेन्शनीत आले. त्यांचं दल कोणतं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी शोभा झाली तिच्यात त्या दलाचा काडीचा दोष नव्हता, आणि तात्यांना आणखी चर्चा नको आहे. एका 26 जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला पंचक्रोशीतले माजी सैनिक बोलावले होते. भिगवणचे आले, डाळजचे आले, लोणी देवकरचे आले. सगळ्यांच्या कोटावर पदकांची रांग. तात्यांच्या कोटावर फक्त इस्त्री. पोरं पदकवाल्यांबरोबर फोटो काढत होती आणि तात्या बाजूला उभे राहून जिलेबी खात होते. माझ्या पोटात तुटलं. खरं सांगायचं तर पुतण्या म्हणून जरा लाजही वाटली.

"तात्या, तुमची पदकं कुठायत?"

"बोहारणीनं नेली," तात्या म्हणाले आणि दुसरी जिलेबी घेतली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, मलाच नव्हती. उजनीचं धरण 1969 ला सुरू झालं आणि 1980 पर्यंत बांधून झालं. त्या पाण्यात आमचं जुनं पळसदेव गेलं. गाव उठत होतं तेव्हा तात्या होते सीमेवर, आणि घर हलवायचं सगळं काकींच्या अंगावर. सुट्टीवर आलेले असताना तात्या एक जुना फौजी कोट खुंटीला ठेवून गेले होते. काकींनी तो बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. पदकं आतल्या खिशात होती. 2024 च्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं. पुण्यामुंबईचे लोक गाड्या घेऊन हेमाडपंती शिल्पं बघायला लोटले. तात्याही गेले. देवळाकडे पाठ करून त्यांनी मला चिखलातली एक जागा दाखवली. "हितं आपला उंबरा. हितंच त्यो सौदा झाला."

पातेलं अजून आहे. चहा त्यातच होतो.

गेलेली पदकं परत मिळवायची म्हणून मी तात्यांचं डिस्चार्ज बुक मागितलं, आणि तिथे मला त्याहून मोठं काम सापडलं. पदकांच्या रकान्यात तीन नोंदी होत्या. सैन्य सेवा पदक, त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी. 15 ऑगस्ट 1972 ला जे जे नोकरीत होते त्या सगळ्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापन दिनाचं पदक. आणि नऊ वर्षांच्या सेवेचं. बस. 1971 चं काहीच नाही! ज्या माणसानं डिसेंबर 71 मध्ये शकरगडच्या आघाडीवर रात्री दिवे विझवून दारूगोळ्याची गाडी हाकली, त्याच्या नावावर ना संग्राम पदक, ना पश्चिमी स्टार. कागद बघितला तर तात्या त्या लढाईत नव्हतेच.

झालं होतं ते असं. लढाई संपली आणि तात्यांना कावीळ झाली. इस्पितळातून बरे होऊन निघाले ते थेट दुसऱ्या युनिटात. पदकाच्या यादीत यांचं नाव नवे लोक घालतील असं जुन्यांना वाटलं, जुन्यांनी घातलं असेल असं नव्यांना वाटलं. फौजेत माणसाचं जे काही होतं, म्हणजे लग्न, पोर, बढती, बदली, पदक, ते युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं आणि तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या शीट रोलवर चढतं. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही तर पोरगं दहावीला बसलं तरी फौजेच्या लेखी जन्मलेलं नसतं.

"तात्या, हा अन्याय आहे," मी म्हणालो.

"कावीळ हुती," तात्या म्हणाले.

मी पेन उघडलं.

पहिला अर्ज मी बेळगावला पाठवला. आमच्याकडचा गडी फौजेत गेला म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीत गेला आणि तिचं रेकॉर्ड बेळगावला, इतकं मला पाठ होतं. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे या दुसऱ्या महायुद्धातल्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचा उल्लेख करून मी तात्यांना त्यांच्या ओळीत नेऊन बसवलं. बेळगावहून फार सभ्य उत्तर आलं : सदर व्यक्ती आमच्या रेजिमेंटची नाही. तात्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "मी कवा म्हणलो मराठा पलटणीत हुतो? मी ड्रायव्हर." प्रत्येक दलाचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाड्यांचं नगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तात्यांच्या दलाचं यातल्या कुठेच नव्हतं, महाराष्ट्रातच नव्हतं. ते डिस्चार्ज बुकाच्या पहिल्याच पानावर शिक्क्यात लिहिलेलं होतं. मी थेट पदकांच्या रकान्यावर उडी मारली होती.

दुसरा अर्ज मात्र मन लावून लिहिला. फुलस्केपची चार पानं. त्यात बसंतरची लढाई आणली, कारण ती त्याच आघाडीवर झाली. पुणे हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणले, ज्यांना तिथे मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुरलीकांत पेटकर आणले. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला आणि पद्मश्री व्हायला 2018 उजाडावं लागलं. "देशानं आणखी एका पेटकरांना ताटकळत ठेवू नये," हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या वाक्याकडेच बघत बसलो.

मागण्यांच्या यादीला माझी लेखणी जरा सैल सुटली. संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार तर झालेच. पण पदकांची यादी चाळताना 1965 चा समर सेवा स्टार दिसला, तोही घातला. खाली दीर्घ सेवा व सद्वर्तन पदक असं एक नाव दिसलं. तात्यांची सेवा दीर्घ होतीच, आणि वर्तनाबद्दल गावात विचारा कुणालाही. तेही घातलं. दुकानात दोन वस्तू घ्यायला गेलेला माणूस चार घेतो, तसं झालं.

तात्यांनी सही केली. वाचलं नाही. चार पानं कुणीच वाचत नाही.

वाचली ती पुण्यातल्या एका कचेरीत बसणाऱ्या निवृत्त सुभेदार साहेबांनी. अर्ज त्यांच्यामार्फत पाठवावा असं कुणीतरी सुचवलं होतं. साहेबांनी चारही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला.

"मास्तर, सुंदर आहे. निवडणुकीला उभं राहताय का?"

मी विनयानं हसलो.

"ह्यात आर्मी नंबर कुठाय?"

चार पानांत बसंतर होतं, हायडलबर्ग होतं, नंबर नव्हता. माझ्या शेजारी खुर्चीत पेंगत असलेले तात्या एकदम उठून उभे राहिले, टाचा जुळल्या, आणि नंबर, हुद्दा, नाव असं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. वयाची सत्त्याहत्तरी, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण नंबराचा एक आकडा चुकला नाही. सुभेदार साहेबही नकळत ताठ झाले. मग त्यांनी माझी चार पानं बाजूला ठेवली, छापील फॉर्म काढला आणि तो तात्यांना विचारून भरला. गाव, तहसील, पोलीस ठाणं, जवळचं रेल्वे स्टेशन. जुन्या नोंदीशी जुळावं म्हणून जवळचं तारघरसुद्धा. तार 2013 ला बंद झाली आणि ज्या गावातून तात्या भरती झाले ते गाव पाण्याखाली आहे, पण रेकॉर्डात दोन्ही शाबूत होती. मी फक्त एवढीच गळ घातली की माझी पानं सोबत जोडा. साहेबांना माझी दया आली असावी. त्यांनी जोडली.

उत्तर यायला वेळ लागला. दरम्यान मी तात्यांना धीर द्यायला जगभरातले दाखले वाचून दाखवत असे. अमेरिकेत सेंट लुईसला 12 जुलै 1973 ला सैनिकांच्या अभिलेखांच्या इमारतीला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांच्या वर फायली जळाल्या. तिथले म्हातारे सैनिक आजही कागदांचे तुकडे जुळवत बसतात. लंडनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे कागद 1940 च्या बाँबवर्षावात खाक झाले. आपल्याकडेही फार जुने कागद, विशेषतः पेन्शन नसलेल्यांचे, मुदत संपली की नष्ट करायचा नियमच आहे.

"मंजी आपलं बरंय," तात्या म्हणाले. "आपलं निस्तं बोहारणीनं नेलं."

गावात मात्र हवा झाली होती. ती मीच केली होती. तात्यांना पदक मिळणार म्हणजे पेट्रोल पंप मिळणार, असं कुणी म्हणालं. कुणी पाच एकरावर आलं. मी पुष्कळ समजावलं. ही सेवापदकं आहेत, शौर्यपदकं नव्हेत. माणूस त्या वेळी त्या ठिकाणी नेमणुकीवर होता, एवढंच ती सांगतात. त्यांच्यामागे पैसा नाही, जमीन नाही. पण हे समजावून होईतो फ्लेक्स छापून आला होता : 'शौर्यपदक विजेते, रणझुंजार, पळसदेवचे भूमिपुत्र'. तात्यांचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे पूर्णाकृती. हायवेवरून जाणारे ट्रकवालेसुद्धा वाचायचे. तात्या दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. "काढ त्ये," म्हणाले, "एखादा खरा सुभेदार गाडीतनं जात असला तर उतरून हाणंल मला."

आणि लखोटा आला.

शहाण्या माणसानं तो आधी एकट्यानं फोडला असता. मी तात्यांच्या ओसरीवर सरपंचांना बोलावलं, सोसायटीच्या चेअरमनना बोलावलं, माझे दोन माजी विद्यार्थी मोबाइलवर चित्रीकरणाला उभे केले. काकी आतून त्याच पातेल्यातला चहा कपांत ओतत होत्या. पत्र इंग्रजीत होतं. मी उभा राहून एकेक वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, असा कार्यक्रम ठरवला. माझं इंग्रजीही लोकांना कळावं, हा एक किरकोळ हेतू होता.

परिच्छेद पहिला. तात्यांच्या जुन्या युनिटच्या त्या वेळच्या यादीत नाव मिळालं. संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार यांची नोंद शीट रोलवर घेण्यात आली आहे. पदकं यथावकाश पाठवली जातील. टाळ्या. चेअरमननी तात्यांना हार घातला. तात्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि ते मी पाहिलं, आणि इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

परिच्छेद दुसरा. समर सेवा स्टार 1965 च्या लढाईसाठी असून अर्जदार त्या वेळी सेवेत दाखल झालेले नव्हते. मी भाषांतर करून गेलो आणि मग अर्थ माझ्या लक्षात आला. "पासष्टला मी वालचंदनगरला उसाच्या मोळ्या टाकत हुतो," तात्यांनी सभेला खुलासा केला. लोक हसले. अजूनही थांबता आलं असतं.

परिच्छेद तिसरा. मी लयीत आलो होतो. "दीर्घ सेवा व सद्वर्तन पदकासंबंधी कळवण्यात येते की, त्यासाठी वर्तन निष्कलंक असणे आवश्यक असून, अर्जदाराच्या कंडक्ट शीटवर एक लाल शाईची नोंद आहे. प्रत सोबत जोडली आहे." प्रतीचा कागद उलटला आणि तेही वाचलं. थांबायचं कसं हे मला वर्गातही कधी जमलं नाही. "आर्मी ॲक्ट, कलम 39, पोटकलम ब. सबळ कारणाशिवाय रजेहून उशिरा परत येणे. 16 एप्रिल 1974 ते 27 एप्रिल 1974. अकरा दिवस. शिक्षा, चौदा दिवस कैद."

मी पोरांच्या वह्यांवर जन्मभर लाल शाईनं रेघोट्या मारल्या, पण एवढी शांतता कधी पसरवली नव्हती.

काकी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"कुठलं साल म्हणलास?"

"1974," मी तत्परतेनं सांगितलं.

"थोरलीच्या बारशाला आलं हुतं ह्ये. माझ्या ध्येनात हाय. सुट्टी सरायच्या आदी दोन दिस ट्रंक घेऊन निगालं. मी एसटीपतूर गेल्ये हुते, पोरगी कडंवर घेऊन." काकींनी ट्रे खाली ठेवला. "मग अकरा दिस कुटं हुतं?"

बघा, सत्त्याहत्तरीतला माणूस, गळ्यात ताजा हार, समोर सरपंच. तात्यांनी क्षणभर आकाशाकडे बघितलं आणि त्यांना सुचलं. चांगलं सुचलं.

"रेल्वेचा संप हुता," तात्या म्हणाले. "जार्ज फर्नांडिसचा. गाड्याच न्हवत्या. दौंडला अडकून पडलो."

जुनी माणसं माना डोलवायला लागली. हो हो, चौऱ्याहत्तरचा संप, फार मोठा. काकींचाही चेहरा जरा सैलावला. प्रकरण मिटलं होतं. तेवढ्यात एका माणसाला राहवलं नाही.

"नाही तात्या," मी म्हणालो, "तो संप 8 मे ला सुरू झाला आणि 27 मे ला मिटला. तुमचे अकरा दिवस एप्रिलमधले आहेत. शिवाय संप असता तर ते सबळ कारण धरलं गेलं असतं. इथे स्पष्ट म्हटलंय, सबळ कारणाशिवाय."

तात्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती शकरगडच्या आघाडीवर शत्रूच्याही वाट्याला आली नसेल. चेअरमन हळूच म्हणाले, "एप्रिल म्हंजी चैत्र-वैशाख. जत्रंचं दिस." सरपंच म्हणाले, "जत्रा म्हंजी फड आलं." चित्रीकरण करणारा विद्यार्थी मोबाइल तात्यांवरून काकींवर आणि काकींवरून तात्यांवर नेत होता. माझ्या वर्गात तो इतक्या एकाग्रतेनं कधी बसला नव्हता.

चहा कुणाला मिळाला नाही.

त्यानंतर काही दिवस तात्यांच्या घरी स्वयंपाक होत होता पण बोलणं होत नव्हतं. फ्लेक्सवरच्या 'रणझुंजार'वर गावातल्या पोरांनी नवे अर्थ चढवले. एके सकाळी काकी स्वतः माझ्याकडे आल्या. कधी येत नाहीत.

"मास्तर, अर्ज लिव्ह. त्या हापिसाला इचार, ह्ये अकरा दिस कुटं हुतं."

मी समजावलं की माणूस हजर नव्हता एवढंच फौजेला ठाऊक असतं; कुठे होता त्याचा रकाना नाही.

"मग सतरा वरसं काय लिवत बसली हुती?" काकी म्हणाल्या. उत्तर माझ्याकडे नव्हतं. माहितीच्या अधिकारात विचारून बघतो, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

त्याच संध्याकाळी तात्या आले. पारावर नाही, थेट मागच्या दारानं.

"ती दोन्ही पदकं परत घ्या म्हणावं. त्या बदल्यात त्येवढी लाल वळ खोडत्यात का, इचार."

खोडत नाहीत, मी सांगितलं. पदक नंतर चढवता येतं. हे उतरत नाही.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला खरं सांगितलं, आणि ते ऐकून माझी मान आदरानं खाली गेली. भिगवणच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्यांना एक तमाशाचा फड भेटला होता. फडाच्या लॉरीचा ड्रायव्हर पैशाच्या भांडणातून रात्रीच पळाला होता आणि पुढच्या गावची सुपारी घेतलेली होती. मालकीण रडकुंडीला आलेली. "गाडी उभी, मानसं उभी आन मी ड्रायव्हर," तात्या म्हणाले. "काय करायचं?" जत्रेमागून जत्रा करत त्यांनी अकरा दिवस फडाची लॉरी हाकली. नवा ड्रायव्हर मिळाला तसे निघाले आणि पलटणीत जाऊन सरळ क्वार्टर गार्डात बसले. तमाशा एकदाही पुरता बघितला नाही म्हणाले, रात्री झोप यायची. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते वाचकांनी ठरवावं. मी ठेवला आहे.

"मास्तर, ह्ये कुणाला बोलायचं न्हाय," तात्यांनी दोन्ही हात धरून सांगितलं. मी बोललेलो नाही. फक्त लिहिलं आहे. काकी वर्तमानपत्र, मासिक सगळं वाचतात, पण सध्या त्यांचा चष्मा इंदापूरला दुरुस्तीला टाकलाय, आणि दुकानदार माझा माजी विद्यार्थी आहे. त्याला मी अर्ज केला आहे की घाई करू नये.